आतोबांचा सा

अंजूरपासून भिवंडीच्या नाक्यापर्यंत जेवढ्या रिक्षा धावतात, त्यातल्या कुठल्या हॉर्नचं कुठल्या हॉर्नशी पटतं आणि कुणाचं कुणाशी उभं भांडण आहे, हे सांगू शकणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. बाकीचे लोक रिक्षात बसताना सीट फाटकी आहे का बघतात, शेअर आहे का स्पेशल ते विचारतात. आतोबा हात करून रिक्षा थांबवतात आणि ड्रायव्हरला म्हणतात, "हॉर्न मार." तो मारतो. "आता इंजिन चालू ठेव अन् परत मार." तो परत मारतो. आतोबा डोळे मिटून ऐकतात आणि कारलं चावल्यासारखं तोंड करतात. "जा बाबा तू. तुझा इंजिन सा वर हाय अन् हॉर्न कोमल रे वर. भिवंडीपर्यंत मी जिवंत न्हाय पोचनार." नाक्यावरच्या पोरांना आता सवय झालीये. एकाने तर नवा हॉर्न बसवल्यावर रिक्षा पूजेला देवळात न नेता आधी आतोबांच्या दारात आणली. "चाचा, सुन लो. पास है क्या?" आतोबांनी मान हलवली आणि त्यांना येतं तसल्या हिंदीत निकाल दिला, "पंचम है. अभी तू मीटर बिगाड के भी चला, तो भी मैं बैठेगा."

ज्यांना सारेगम म्हणजे शाळेत गाण्याच्या तासाला मिळायची ती झोप एवढंच आठवतं, त्यांना वाटेल ही काय भानगड आहे. मीही त्यातलाच. भिवंडीच्या शाळेत माझी ख्याती होती ती नकलांसाठी. हेडसरांपासून वडापाववाल्यापर्यंत सगळ्यांचे आवाज मी काढायचो, आणि हेडसरांचा आवाज एकदा हेडसरांच्याच मागे उभा राहून काढल्यामुळे वर्गाबाहेर भरपूर हवा खाल्ली. तर मला वाटायचं, आवाजातलं आपल्याला सगळं कळतं. एका रविवारी अंजूरला गेलो तर आतोबा पडवीत पेटी घेऊन बसलेले. त्यांनी एक पट्टी दाबली आणि विचारलं, "हा स्वर कसा हाय?"

"बरा आहे."

"बरा न्हाय अन् वाईट पन न्हाय. एकटा स्वर म्हंजे नाक्यावर उभा असलेला मानूस. चांगला का वाईट, तुला काय ठावूक? त्याच्या बाजूला कोन उभा हाय ते बघ, मग बोल." मग त्यांनी लगेच शेजारची काळी पट्टीही दाबली. दाढ दुखायला लागल्यासारखं झालं. "हा सा अन् कोमल रे. भावकी. भिंतीला भिंत लागलेली, रोजची कटकट." मग काळी सोडून लांबची एक पट्टी दाबली. एकदम पडवीत कुणी गार पाणी शिंपडल्यासारखं वाटलं. "हा सा अन् पंचम. नवरा-बायको. मधी मोकली जागा हाय ना, म्हनून गोड लागतो."

स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला, "कुठं हाय मोकली जागा? अर्धा पलंग त्या पेटीनं अडवलाय!"

आतोबांनी तिकडे दुर्लक्ष करून वरचा सा दाबला. "अन् हा सा आनी हा सा. बाप अन् लेक. स्वर तोच, फक्त लेक बापाच्या डोक्यावर बसलाय." मग बोट माझ्या नाकासमोर आणलं. "ध्यानात ठेव. स्वराला काय इचारायचा नस्तो. दोघांच्या मधी जो हाय ना, त्याला इचारायचा."

हे त्यांचं संपूर्ण तत्त्वज्ञान. आणि ते पेटीपुरतं राहिलं असतं तर आत्या सुखी झाली असती. पण आतोबा भांड्यांच्या दुकानात जाताना घरची एक वाटी खिशात घालून जातात. दुकानदाराने नवा सेट पुढे मांडला की खिशातली वाटी काढायची, किल्लीने ती वाजवायची, मग नवी वाजवायची. बाजारपेठेतला तो दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, वरण वाढायचंय का आरती करायचीय?" त्यातून घरात जो संच जमला, तो असा की आत्या भांडी घासायला बसली की आतोबा पडवीतून ओरडतात, "ती तिसरी वाटी आधी घे! मधला ग राहिला!" यावर आत्या जे भांडं आपटते, त्याला कुठल्याच सप्तकात जागा नाही.

गावाबाहेर भातशेती होती तिथे आता गोडाऊनं झालीत. तिथला एक कंटेनर रिव्हर्स घेताना जो बीप-बीप करायचा, तो नेमका देवळातल्या घंटेशी तीव्र मध्यमाचं नातं ठेवून होता. माझ्या कानाला ते बीप आणि टण एवढंच. आतोबांना मात्र त्या नात्याने जेवण जाईना. सा आणि तीव्र म म्हणजे त्यांच्या मते कोर्टात गेलेले जोडीदार. ते थेट गोडाऊनच्या वॉचमनकडे गेले. तो म्हणाला, "चाचा, हॉर्न तो कंपनी का है." आतोबा म्हणाले, "हॉर्न कंपनी का है, पर कान तो मेरा है ना?" वॉचमन भला माणूस. संध्याकाळची आरती होईपर्यंत तो कंटेनर गेटवरच थांबवून ठेवायला लागला. ड्रायव्हरलोक काय समजले देव जाणे, पण तेही खाली उतरून गाडीजवळ हात जोडून उभे राहायला लागले. गावात नाव झालं की आतोबांनी गोडाऊनवाल्यांना भक्तीला लावलं. आतोबांना विचाराल तर भक्तीचा काही संबंध नव्हता.

गंमत म्हणजे आतोबांना स्वतःला गाता येत नाही. भजनी मंडळात त्यांनी जन्मभर पेटी धरली, पण तोंड उघडलं की बुवा टाळ जोरात वाजवायची खूण करायचे. आणि माझ्या नकलांना सगळं घर हसून लोळायचं तेव्हा हे गृहस्थ गंभीर. मी सरपंचांची नक्कल केली, आत्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि आतोबांनी शांतपणे एक पट्टी दाबली. "आवाज बरोबर हाय. पन सरपंच सवाल इचारतो तवा सा वरून म वर जातो. तू प वर गेलास. हा सरपंच न्हाय, हा कुनी इमानदार मानूस वाटतो." माझ्या प्रत्येक नकलेनंतर ती एक पट्टी वाजायचीच. प्रगतिपुस्तकावर लाल शेरा मिळावा तशी.

या सगळ्यात त्यांना जगातलं सगळ्यात आवडणारं स्वरांतर कुठलं, तर ते पेटीतलं नव्हतंच. ते रोज दुपारी चहाच्या वेळी स्वयंपाकघरातून यायचं. आत्या हाक मारायची, "अवो, चहाऽऽ," आणि तिच्या पाठोपाठ, ती हाक संपायच्या आत, त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, "बाबा, चहाऽऽ." आत्याचा शेवट सा वर, ताईचा शुद्ध गंधारावर. आतोबा त्या वेळी मुद्दाम पेटी उघडून, बोट ग च्या पट्टीवर ठेवून बसायचे. दोन्ही हाका आल्या की पट्टी दाबायचे, बरोबर जुळायचं, आणि "आहा" म्हणून उठायचे. सुट्टीत ताई घरी असली की हे रोज. ती कामाला लागली, गोडाऊनच्या ऑफिसात, तेव्हा दुपारचा चहाच आतोबांनी संध्याकाळवर ढकलला. आत्या म्हणायची, "तोपर्यंत डोका दुखला तरी चालेल, पन गंधार पायजे."

अशा माणसाच्या मुलीचं लग्न जमवायचं म्हणजे काय, ते बघा. इतरांकडे बघायच्या कार्यक्रमात मुलीला विचारतात, स्वयंपाक येतो का. अंजूरला पोह्यांच्या बशा उचलल्या की आतोबा पेटी पुढे ओढायचे, पहिल्या काळ्या पट्टीचा सा धरायचे आणि मुलाला म्हणायचे, "हा धरा. नुसता धरा." काय ते बघायचं होतं त्यांना? "गानारा नको मना. पन दिलेला सूर ऐकून त्याच्याशी जुलवून घेता येतो का न्हाय, तेवढा कलला पायजे. घरात पुढं तेच करायचा असतो." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण एक बँकवाला मुलगा हसला म्हणून गेला, एक मास्तर सा ऐवजी राष्ट्रगीताला उभे राहतात तसा ताठ उभाच राहिला म्हणून गेला, आणि एकाने तर सा इतका सुंदर लावला की ताईच म्हणाली, "बाबा, हा आरशात बघून गातो, मला नको."

कारण ताईचं आधीच ठरलं होतं. भिवंडीतच, निजामपुऱ्यात, एका मुलाच्या वडिलांची लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड होती. हा मुलगा कपड्याच्या गाठी घेऊन ताईच्या गोडाऊनला यायचा. गाठी कमी आणि फेऱ्या जास्त व्हायला लागल्या तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांना कळलं, आणि ताईने घरी सांगितलं. आतोबा म्हणाले, "येऊ दे. सा सगल्यांना सारखा."

तो आला. दारातच म्हणाला, "नमस्कार!" आणि पडवीतली मांजर भिंतीवरून पलीकडे गेली. आवाज म्हणजे काय! पोहे तिखट झालेत का विचारलं तर "नाही, छान झालेत!" हे गोडाऊनच्या वॉचमनलाही ऐकू गेलं असणार. आत्याने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं, हसू दाबायला. आतोबांनी सा धरला. मुलाने घसा साफ केला, ताईकडे एकदा बघितलं आणि मनापासून, पूर्ण ताकदीने, लावला. तो सा नव्हता. रेही नव्हता. आतोबांनी एकेक पट्टी दाबून त्याला शोधला, खाली शोधला, वर शोधला. शेवटी भाता बंद केला. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "हा पोरगा दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत राहतो. तिथं माझी पोरगी कशी राहनार?"

ताई भांडली नाही. रडलीही नाही. फक्त एवढं म्हणाली, "बाबा, मी तुमच्या मनाविरुद्ध जाणार नाही. पण त्याच्याशी नाही तर कुणाशीच नाही. आणि आता पोहे करायला मला सांगू नका." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा झाला. आत्याने हाक मारली, "अवो, चहाऽऽ." आणि पुढे काहीच नाही. ताई ओट्याजवळच उभी होती, कप भरत होती. तिने मुकाट्याने कप आणून पेटीवर ठेवला आणि आत गेली. आतोबांचं बोट ग वर तसंच.

असं रोज व्हायला लागलं. ताई सगळं बोलायची, औषध घेतलंत का, जेवलात का, फक्त हाक मारायची नाही. आतोबा वाळले. रिक्षा थांबवून हॉर्न न ऐकता बसायला लागले. नाक्यावरच्या पोराने मला विचारलं, "चाचा की तबीयत ठीक है ना? आज कोमल रे में बैठ गए." घरात दोघंही हट्टी, दोघांनाही एकमेकांवाचून करमत नव्हतं, आणि मधल्या मध्ये निजामपुऱ्याला अजून नकारही कळवलेला नव्हता.

तेव्हा आत्याने डोकं चालवलं. ती म्हणाली, "अवो, नकार द्यायचा तर रीतीनं द्या. पोहे त्यांनी आपल्या दारात खाल्ले. नकार तुमी त्यांच्या दारात जाऊन द्या. फोनवर कसला?" रीत म्हटल्यावर आतोबा अडकले. असली काही रीत नाही, हे मला आत्याने नंतर सांगितलं. सोबतीला मला पाठवलं.

निजामपुऱ्यातल्या त्या गल्लीत शिरलो तेव्हा शेडमधून खटाखट-खटाखट चालू होतं. मुलाचं घर शेडच्या बरोबर वर. जिना चढताना पायातून आवाज वर येत होता. घरात कपाटाच्या काचा, देव्हाऱ्यातली घंटा, स्टँडवरचे पेले, सगळं थरथरत होतं आणि घरातल्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मुलाचे वडील, आई, तो स्वतः, सगळे आनंदाने पुढे आले. आतोबा खुर्चीत बसले, धीर गोळा केला आणि म्हणाले, "आमचा नकार हाय."

"हो हो!" मुलाचे वडील म्हणाले. "पंखा लावतो!"

"न्हाय, न्हाय! मी बोलतो, आमचा जमत न्हाय!"

"साखर कमी ना? सांगितलंय तसंच!" मुलाची आई म्हणाली.

मी हात तोंडावर धरला. आतोबा तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तेवढ्यात थांबले. मान तिरकी झाली. हा चेहरा मला ओळखीचा होता, हॉर्न ऐकतानाचा. त्यांनी अनवाणी तळवे फरशीवर घट्ट टेकवले. लूमच्या खटाखटीच्या खाली, सगळ्या मोटरींची मिळून एक सलग घूंऽऽ चालू होती. भजनाच्या आधी तानपुरा लावतात तशी. आतोबांनी खिशातून मोबाइल काढला, त्यातली छोटी पेटी उघडली, कानाला लावून एकेक पट्टी दाबत सुटले. मग थांबले. मोबाइलमध्ये पट्टी वरखाली सरकवायची सोय असते. ती त्यांनी केसभर सरकवली आणि डोळे मोठे केले.

"बोल!" ते मुलावर ओरडले.

"काय बोलू काका?" मुलगा ओरडला.

आतोबांनी पट्टी दाबली. पंचम. "परत बोल!"

"बोलतो, पण काय बोलू?"

पंचम. आत चहा आणायला गेलेल्या त्याच्या आईने हाक मारली, वडील "आलो, आलो" म्हणाले, आतोबा पट्ट्यांवर पट्ट्या दाबत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. आईचा वरचा सा. वडिलांचा मध्यम. अख्खं घर त्या घूंच्या भोवती बसलं होतं, नीट, आपापल्या जागी. ते पोरगं जन्मल्यापासून त्या सा वर बोलत होतं, झोपत होतं, अभ्यास करत होतं. आमच्या अंजूरच्या शांत पडवीत येऊन तो आपला घरचा सूर घेऊन बसला होता आणि आतोबांनी त्याला आपल्या पेटीवर मोजलं होतं.

आतोबा उठून उभे राहिले. सगळं बळ एकवटून ओरडले, "अरे, पोरगा—"

आणि लाइट गेली. लूम थांबले, पंखा थांबला, पेले थरथरायचे थांबले, आणि त्या सुन्न शांततेत, गल्लीच्या टोकापर्यंत आतोबांचं उरलेलं वाक्य गेलं,

"—सुरात हाय! मना पसंत हाय!"

 मग खालून, अंधाऱ्या शेडमधून, एका कारागिराचा आवाज आला, "मुबारक हो, चाचा!"

परत येताना रिक्षात आतोबांनी मोबाइलमधली पेटी बंद केली. मग म्हणाले, "सगल्या गावाला सांगत फिरलो, एकट्या स्वराला काय इचारू नको, बाजूला कोन उभा हाय ते बघ. अन् मीच न्हाय बघितला." घरी गेल्यावर त्यांनी ताईला सांगितलं नाही, ते कामही मलाच करायला लागलं. मी आतोबांच्या आवाजात, पडवीत उभा राहून ओरडलो, "मना पसंत हाय!" ताई धावत बाहेर आली. बघते तर मी. मागे आतोबा, मान खाली घालून पेटीवरची धूळ पुसत. त्यांनी सवयीने पट्टी दाबली. "इतका वर न्हाय गेलो मी," ते पुटपुटले, आणि त्या दिवशी चहाच्या वेळी दोन्ही हाका आल्या.

लग्नाचं सांगायला बसलो तर वेगळं पुस्तक होईल. बँडवाल्यांचा क्लॅरिनेट जरा चढलेला होता म्हणून वरात देवळासमोर थांबवून आतोबांनी त्याची नळी स्वतः ओढून बघितली, नवरा घोड्यावर ताटकळत, आणि घोडाही कंटाळून खिंकाळला तेव्हा आतोबा म्हणाले, "हा बघ, हा बरोबर देतो." जावयाशी त्यांचं आता इतकं जमतं की महिन्यातून एकदा तरी निजामपुऱ्याला जाऊन, शेडच्या वर, अनवाणी बसतात. जावई चहा घेऊन येतो आणि ओरडून विचारतो, "काका, साखर?" आणि आतोबा डोळे मिटून "आहा" म्हणतात.

मागच्या रविवारी मी अंजूरला गेलो होतो. पडवी होती, पेटी उघडी होती. संध्याकाळी आत्याने आतून हाक मारली, "अवो, चहाऽऽ." मी बघितलं तर आतोबांचं बोट ग वर. हाक संपली. लांब कुठेतरी कंटेनर मागे येत होता. आतोबांनी बोट उचललं नाही.

"ताई फोनवर मारते की हाक," मी म्हटलं. "परवा मारली ना?"

"फोनवरचा ग सुकट असतो रे," आतोबा म्हणाले. "वास येतो, मासा न्हाय."

मग माझ्याकडे न बघता, "तू सगल्यांच्या नकला करतस. तिची येते काय तुला?"

मी ताईची नक्कल कधीच केली नव्हती. का, ते माहीत नाही. मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो. आत्या ओट्याजवळ कप भरत उभी होती. तिने ऐकलं होतं सगळं. लगेच परत हाक मारली, "अवो, चहाऽऽ," आणि ती संपायच्या आत मी, ताईसारखी मान किंचित वाकडी करून, "बाबा, चहाऽऽ."

माझं मलाच कळलं, जरा उतरलो होतो. मी दाराशी उभा राहून वाट बघत राहिलो. जन्मात माझ्या एकाही नकलेला ती पट्टी चुकली नव्हती.

बाहेरून पट्टीचा आवाज आलाच नाही. भाता मिटल्याचा आला, आणि मग आतोबांचा, "आलो गं."